रॉडचे बोल्ट : किती आवळायचे आणि का?

मागच्या व्याख्यानात आपण क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधल्या तेलाच्या थराबद्दल बोललो. आज ते बेअरिंग धरून ठेवणाऱ्या बोल्टांकडे वळू. विषय छोटा वाटेल. एका रॉडला दोन बोल्ट, चार सिलिंडरला आठ. पण हा बोल्ट चालत्या इंजिनात तुटला, तर मोकळा झालेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. मग बेअरिंगचा खर्च बाजूलाच राहतो, इंजिनच जातं.

आधी या बोल्टवर भार किती येतो ते पाहू. जळण पेटतं तेव्हा वायू पिस्टनला खाली ढकलतो. त्या वेळी रॉड दाबला जातो, बोल्टवर ताण येत नाही. खरा ताण येतो एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी. वर सुटलेला पिस्टन थांबवून खाली ओढायचा असतो, आणि ती ओढ रॉडच्या कॅपवर, म्हणजे या दोन बोल्टांवर पडते.

एक हिशेब करू. गाडीचं पेट्रोल इंजिन घ्या. पिस्टन, पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून अर्धा किलो, स्ट्रोक 75 मिमी, वेग मिनिटाला 6000 फेरे. ही ओढ साधारण 9500 न्यूटन भरते, म्हणजे जवळजवळ एक टन. आणि ती सेकंदाला 50 वेळा येते. तुम्ही म्हणाल, ट्रॅक्टर तर सावकाश फिरतो. बरोबर, पण त्याचा पिस्टन जड असतो आणि स्ट्रोक लांब. अडीच किलो वजन, 110 मिमी स्ट्रोक आणि 2200 फेरे धरले, तरी उत्तर एका टनाच्या आसपासच येतं.

आता मुख्य मुद्दा. बोल्ट आवळतो म्हणजे आपण काय करतो? आपण तो ताणतो. पोलाद रबरासारखंच ताणलं जातं, फक्त फार कमी. रॉडचा बोल्ट नीट आवळला की साधारण 0.15 मिमी लांबतो, आणि मूळ लांबीला परत जाण्याच्या ओढीनेच कॅप आणि रॉड एकमेकांवर दाबले जातात. ही दाब बाहेरच्या ओढीपेक्षा बरीच जास्त असेल, तर पिस्टनने कितीही हिसके दिले तरी कॅप उघडत नाही आणि बोल्टमधला ताण फारसा वरखाली होत नाही.

ट्रॉलीत ऊस भरून दोर बांधतात ते आठवा. ताणून बांधलेला दोर खड्ड्यातून जातानाही टिकतो. ढिला दोर प्रत्येक धक्क्याला झटका खातो आणि शेवटी काचतो. बोल्टचंही तसंच. कमी आवळलेल्या बोल्टवर हिसक्याचा बराच मोठा वाटा पडतो, सेकंदाला 50 वेळा. धातू थकतो, बारीक तडा जातो, आणि एक दिवस बोल्ट तुटतो. लोक म्हणतात, ‘जास्त आवळला म्हणून तुटला.’ तसंही होतं. पण अनेकदा तो कमी आवळल्यामुळे तुटलेला असतो.

सैल बोल्टचा आणखी एक तोटा आहे. बेअरिंगचे दोन अर्धे शेल बसवले की त्यांची टोकं रॉडच्या जोडापेक्षा केसभर वर राहतात. कॅप आवळली की ती दाबली जातात आणि शेल रॉडला घट्ट चिकटून बसतो. शेलचं छोटं नाक फक्त जागा दाखवायला असतं. शेल फिरू नये हे काम त्या दाबाचं. दाब कमी पडली की शेल फिरतो, तेलाचं भोक बंद होतं आणि क्रँक खराब होतो. म्हणूनच कॅप कानशीने घासणं किंवा शेलखाली पत्रा ठेवणं हे इलाज करूच नयेत.

मग टॉर्क पाना कशासाठी? इथे एक गोष्ट लक्षात ठेवा : पाना बोल्टचा ताण मोजत नाही, पिळायला लागणारा जोर मोजतो. त्या जोरातला जवळजवळ नव्वद टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, ताणायला उरतो सुमारे दहा टक्के. त्यामुळे घर्षण बदललं की सगळं बदलतं. 9 मिमीचा बोल्ट 50 न्यूटन-मीटरला आवळला, तर कोरड्या आट्यांवर साधारण 28000 न्यूटन ताण येईल आणि तेल लावलेल्यांवर 37000. पाना दोन्ही वेळा तोच आकडा दाखवेल. म्हणून मॅन्युअलमध्ये ‘तेल लावून’ लिहिलं असेल तर तेल लावायचंच, ‘कोरडे’ लिहिलं असेल तर कोरडेच.

एककंही तपासा. 5 किलोग्रॅम-मीटर म्हणजे 49 न्यूटन-मीटर, आणि तेच 36 फूट-पाउंड. जुन्या मॅन्युअलमधला 36 हा आकडा न्यूटन-मीटर समजून वापरला, तर बोल्ट चतुर्थांशाहून जास्त सैल राहील.

आता कामाचा क्रम. खोलण्याआधी प्रत्येक कॅपवर नंबर आणि बाजू यांची खूण करा. कॅप दुसऱ्या रॉडला चालत नाही, उलटीही चालत नाही. आटे आणि शेलची पाठ स्वच्छ पुसा. शेलच्या आतल्या बाजूला तेल, पाठीला नाही. बोल्ट आधी हाताने फिरवा; अडला तर आटे तपासा. मग एकदा हा, एकदा तो, असे दोन-तीन टप्प्यांत आवळा. शेवटचा टप्पा एका संथ ओढीत. ‘टक’ झालं की थांबा, खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढू नका. इथे एअर गन नको. प्रत्येक रॉड झाला की क्रँक हाताने फिरवून पाहा, आणि रॉड पिनवर आडवा थोडा सरकतो का तेही. अडकत असेल तर पुढे जाऊ नका.

अनेक नव्या इंजिनांत ‘20 न्यूटन-मीटर, मग 90 अंश’ अशी सूचना असते. बोल्ट टेकल्यावर ठरावीक कोनात फिरवला की तो किती ताणला जाईल हे बरंचसं आट्यांच्या अंतरावर ठरतं, घर्षणाचा घोळ कमी होतो. असे बोल्ट बहुधा कायमचे लांबण्याच्या हद्दीपर्यंत ताणलेले असतात आणि एकदाच वापरायचे असतात.

एका श्रोत्याने विचारलं आहे, ‘जुने बोल्ट परत घालावेत का?’ मॅन्युअल ‘नवे’ म्हणत असेल तर नवेच. परवानगी असेल, तर जुना बोल्ट नव्याशेजारी ठेवून लांबी मोजा, दांडा कुठे बारीक झालाय का ते व्हर्नियरने पाहा. फरक दिसला तर टाकून द्या. प्लास्टिगेज लावून बेअरिंगची फट मोजताना मात्र जुने बोल्ट चालतात. तेव्हा नवे एकदाच वापरायचे बोल्ट खर्ची घालू नका. आणि प्लास्टिगेज आत असताना क्रँक फिरवू नका.

दुसरा प्रश्न : ‘अनुभवी मिस्त्री हाताच्या अंदाजाने आवळतात, ते चुकीचं का?’ अनुभवी हाताला जोर कळतो, हे मी मानतो. पण 0.15 मिमीचा ताण हाताला कळत नाही. टॉर्क पाना अनुभवाची जागा घेत नाही, तो आठही बोल्ट सारखे ठेवतो. नव्या बोल्टांचा संच इंजिनच्या तुलनेत किरकोळ किमतीचा असतो, आणि पेरणीच्या दिवसांत बंद पडलेला ट्रॅक्टर शेतकऱ्याला त्याहून कितीतरी महाग पडतो. तेवढं गिऱ्हाइकाला समजावून सांगा. बहुतेक लोक ऐकतात.