एक खेळाडू, जागा अनेक

युटिलिटी खेळाडू : क्षेत्ररक्षणाच्या एकाहून अधिक जागा सांभाळणारा. बेसबॉलमध्ये एकूण जागा 9.

मेजर लीगकडे नेणाऱ्या मायनर लीगच्या पायऱ्या : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. मेजर लीगच्या 30 संघांचे प्रत्येकी चार संलग्न संघ.

हरहुन्नरींना मागणी का? मेजर लीगच्या संघात जागा 26. त्यांतल्या 13 पर्यंत पिचरच अडवतात.

हातमोजेही जागेनुसार वेगळे : शॉर्टस्टॉपचा आटोपशीर, आउटफिल्डरचा लांब, फर्स्ट बेसचा निराळाच.

एक उदाहरण, मूकी बेट्स : 2011 मध्ये बॉस्टन रेड सॉक्सकडून निवड. मायनर लीगमध्ये मुख्यतः सेकंड बेसवर. पण बॉस्टनची ती जागा डस्टिन पेड्रोइयाची! म्हणून 2014 मध्ये रवानगी आउटफिल्डला. तिथे पुढे सहा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार. 2024 मध्ये डॉजर्स या नंतरच्या संघाकडून पुन्हा इनफिल्डला, शॉर्टस्टॉप म्हणून.

युटिलिटी गोल्ड ग्लव्ह : 2022 पासून. पहिले मानकरी ब्रेंडन डोनोव्हन आणि डीजे लमेह्यू.