विश्लेषण : जुन्या ‘एमजीबी’त नवे इंजिन बसवल्यावर खालून येणारा आवाज कसा शोधतात?

भारतात ‘एमजी’ म्हटले की हेक्टर आठवते. ब्रिटनमध्ये मात्र या नावाची खरी ओळख एमजीबी ही छोटी स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिचे मूळ चार सिलिंडरचे इंजिन काढून रोव्हरचे व्ही-८ बसवण्याचा छंद तिथे अर्धशतकापासून सुरू आहे. इंजिन बसते, गाडी पळू लागते आणि ताशी ८० किलोमीटरच्या सुमारास पायाखाली घरघर सुरू होते. इथे अंदाज चुकला तर महागात पडतो. एमजीबीचा गिअरबॉक्स काढायचा तर साधारणपणे इंजिनासकट वर उचलावा लागतो. एवढे करून दोष निघतो तो मागच्या एखाद्या झिजलेल्या क्रॉसमध्ये!

रोव्हरचेच इंजिन का?

या इंजिनाचे मूळ अमेरिकेतले, ब्युइकचे. साठच्या दशकात रोव्हरने त्याचे हक्क जनरल मोटर्सकडून घेतले. ३,५२८ सीसीचे असूनही ॲल्युमिनियममुळे ते हलके आहे. केन कॉस्टेलो यांनी एमजीबीत ते बसवून दाखवले आणि पुढे कंपनीनेच १९७३ ते १९७६ दरम्यान २,५९१ ‘एमजीबी जीटी व्ही-८’ बनवल्या. मूळ इंजिनाच्या तुलनेत टॉर्क जवळपास पावणेदोनपट. कारखान्याने त्या हिशेबाने मागच्या धुऱ्याचा गिअर रेशोही बदलला. घरच्या गॅरेजमध्ये हे सगळे हिशेब मालकालाच करावे लागतात, आणि बहुतेक आवाजांचे मूळ तिथेच असते.

पाना हातात घेण्याआधी काय तपासायचे?

आवाज कशाच्या मागे धावतो, ते. इंजिनाच्या फेऱ्यांच्या, गाडीच्या वेगाच्या की पायाखालच्या भाराच्या? गाडी उभी ठेवून इंजिन तीन हजार फेऱ्यांपर्यंत न्यावे. आवाज आला तर दोष इंजिन, क्लच, माउंटिंग किंवा बॉडीला टेकलेल्या सायलेन्सरच्या पाइपात. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबताच थांबला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट दाबल्यावरच आला तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर.

उभ्या गाडीत शांतता असेल तर रस्त्यावर जावे. ताशी ८० किलोमीटरचा वेग कायम ठेवून एकदा तिसऱ्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवावे. इंजिनाचे फेरे बदलले, पण आवाजाची पट्टी तीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. ही चाचणी टाळून नुसते चौथ्या गिअरमध्ये ऐकत बसणारे फसतात, कारण चौथ्यात इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरतात आणि दोघांचे आवाज वेगळे काढता येत नाहीत. हलक्या वळणावर आवाज बदलला तर चाकाचे बेअरिंग बघावे. ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना सूर बदलत असेल तर डिफरन्शिअल.

प्रोपेलर शाफ्टचा कोन एवढा का छळतो?

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. क्रॉस कोनात फिरला की त्याच्या मागची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित वाढते आणि दोनदा घटते. दुसऱ्या टोकाच्या क्रॉसचा कोन तेवढाच असेल आणि दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असतील, तर हा चढउतार पुसला जातो. म्हणजे गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शिअलचा पुढचा शाफ्ट एकमेकांना समांतर हवेत. इंजिन चार बोटे वर-खाली बसले, गिअरबॉक्सखालची पट्टी अंदाजाने वेल्ड केली, शाफ्ट कापून जोडताना काटे फिरले, की हे गणित बिघडते.

मोजायला फोनचे लेव्हल ॲप पुरते. फक्त गाडीचे वजन चाकांवरच असले पाहिजे. धुरा लोंबकळत ठेवून घेतलेले माप निरुपयोगी. दोन कोनांत एक अंशाहून जास्त फरक आढळला तर गिअरबॉक्सच्या माउंटिंगखाली चकत्या घालतात किंवा धुरा आणि कमानपाट्यांमध्ये पाचर बसवतात.

खात्रीसाठी थोडे गणित. टायरचा घेर सुमारे १.९ मीटर आणि धुऱ्याचा रेशो मूळचा ३.९ धरला, तर ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण १२ वेळा फिरते आणि शाफ्ट ४५ वेळा. कंपन मोजणाऱ्या ॲपमध्ये १२च्या आसपास शिखर दिसले तर चाक, ४५ला दिसले तर शाफ्टचा तोल, ९०ला दिसले तर क्रॉसचा कोन. ९०चा आकडा सगळ्याच फोनचे सेन्सर पकडत नाहीत. तिथे मायक्रोफोनवर चालणारे ॲप घ्यावे.

गाडी सुटताना ‘खट्’ वाजते, त्याचे काय?

ही तक्रार वेगळी. तारांची चाके असतील तर आधी हबवरचे खाचे बघावेत. ते झिजले की निघताना आणि ब्रेक लावताना चाक हबवर सरकते. एमजीबीच्या डिफरन्शिअलमधल्या चकत्या झिजणे हाही जुनाच दोष, आणि व्ही-८च्या टॉर्कने तो लवकर उघडा पडतो. डिफरन्शिअलचे तेल काढून हातावर घ्यावे. बारीक राखाडी लगदा चालतो, चमकणारे तुकडे नाही.

धोका कुठे आहे?

फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. स्टँड हवेत, जमिनीवरच्या चाकांना लाकडी ठोकळे हवेत आणि चाके इंजिनावर फिरत असताना कुणीही खाली असू नये. धावत्या गाडीत पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यावर आदळते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या, मोठे बदल न झालेल्या गाड्यांना वार्षिक ‘एमओटी’ तपासणीतून सूट आहे. त्यामुळे मालकाने डोकावले नाही तर गाडीखाली वर्षानुवर्षे कुणीच डोकावत नाही, अशीही वेळ येते.

भारतात हे करता येईल?

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ मुळे नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. त्यामुळे हा छंद इथे आरटीओच्या दारातच अडखळतो. आवाज शोधण्याची रीत मात्र जुन्या ॲम्बेसेडरलाही लागू पडते. तिचे १,४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे १,७९८ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच ‘बी सीरिज’ घराण्यातले. मागचा धुराही दोघींत कमानपाट्यांवरच.