पाचवी खेळी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला मराठी शिकवले, हे आपण जाणताच. हरलेला डाव कसा वाचावा, हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो. आज त्याविषयीच चार शब्द बोलावेत असे योजिले आहे. भाषेच्या प्राध्यापकाने बुद्धिबळावर बोलावे, याचे नवल वाटल्यास क्षमा असावी.

आम्ही मूळचे खानदेशातले. ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेस येऊन स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांपैकी एक. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मला देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकविले. त्या पद्धतीत प्यादे आरंभीसुद्धा एकच घर चालते, राजाला एकदा घोड्याची उडी घेता येते आणि शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे त्या त्या पट्टीचा मोहरा होते. दोन्ही सैन्ये सावकाश समोरासमोर येतात. पहिल्या काही खेळ्या म्हणजे जो तो आपले घर लावून घेत असतो. आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादे दोन घरे उडी घेते आणि पाचव्या-सहाव्या खेळीतच तलवारी भिडतात. ज्या सुरुवातीत एका खेळीची चूक पुढे दुरुस्त करता येत नाही, तिला मी धारदार सुरुवात म्हणतो.

१९६०च्या दशकात, शाळकरी वयात, मी आंतरशालेय सामन्यात पहिल्यानेच या नियमांनी खेळलो. मोहरे काळे. दोघांची राजापुढची प्यादी मध्यावर आली, दोघांचे घोडे निघाले, प्रतिस्पर्ध्याचा उंट तिरपा येऊन बसला. चौथ्या खेळीला त्याचा घोडा पुढे घुसला. आता उंट व घोडा या दोघांचीही नजर एफ-७ या घरावर. आणि त्या घराला राजाखेरीज राखणदार नसतो. मी वजिरापुढचे प्यादे दोन घरे ढकलून उंटाची वाट अडविली. इथवर ठीक होते. त्याने ते प्यादे मारले. पाचव्या खेळीला मी घोड्याने त्याचे प्यादे परत मारले. त्याने आपला घोडा सरळ एफ-७ वर टाकला. माझ्या राजाने तो घेतला, तोच वजिराने शह दिला, आणि त्याच वजिराची व उंटाची नजर माझ्या मधल्या घोड्यावरही पडली. तो वाचवायचा तर राजाला पटाच्या मध्यात येणे भाग होते. पुढचे सांगत नाही. इंग्रजीत या हल्ल्याला ‘तळलेली कलेजी’ असे नाव आहे. त्या दिवशी कलेजी माझी होती.

घरी येऊन मी आप्पांना म्हणालो, “तुमच्या खेळामुळे मी हरलो.” ते काही बोलले नाहीत. मोहरे फडक्यात बांधून त्यांनी फळीवर ठेवून दिले.

गुरुजींना बुद्धिबळ बेताचेच येत होते. त्यांनी मला सारा डाव वहीत लिहावयास लावला आणि विचारले, “चूक कोठे झाली?” राजा बाहेर आला त्या खेळीखाली मी तांबडी रेघ मारली. “तिथे दुसरे काय करता आले असते?” तपासले, तर राजा मागे नेल्यास घोडा तर जातोच, वर हल्ला अधिकच भयंकर होतो. म्हणजे मी जिला चूक म्हणत होतो, ती त्यातल्या त्यात बरी खेळी होती. “मग मागे चल,” गुरुजी म्हणाले. असे करीत आम्ही पाचव्या खेळीवर आलो. प्यादे गेले की ते परत घ्यायचेच, यात मला विचार करण्यासारखे काही दिसलेच नव्हते. पुढे कित्येक महिन्यांनी एका पुस्तकात सापडले, की तिथे वजिराच्या बाजूचा घोडा पटाच्या कडेला नेऊन उंटावर हल्ला करावयाचा आणि गेलेले प्यादे तूर्त जाऊ द्यावयाचे. प्याद्याच्या मोबदल्यात आपले मोहरे भराभर बाहेर पडतात.

थोरांनाही हे चुकलेले नाही. २०१० साली सोफियात विश्वविजेतेपदाच्या लढतीत आनंदने टोपालोव्हविरुद्ध पहिल्याच डावात ग्रुनफेल्ड बचाव घेतला. यात पटाचा मध्यभाग मुद्दाम प्रतिस्पर्ध्याला देऊन मग त्यावर कडेने मारा करावयाचा असतो. आइसलंडच्या ज्वालामुखीमुळे विमाने बंद होती, म्हणून आनंद फ्रँकफर्टहून मोटारीने आलेला. पण घात केला तो स्मरणाने : तयारी केलेल्या खेळ्यांचा क्रम उलटा झाला, राजा अवेळी हलला, टोपालोव्हने घोड्याचे बलिदान केले आणि तिसाव्या खेळीअखेर डाव संपला. दुसरा डाव आनंदने जिंकला, हे सर्वांच्या लक्षात राहते. मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे. काळ्या मोहऱ्यांनी त्याने नंतर स्लाव्ह बचाव धरला. आठव्या डावात तोही फसला. तेव्हा दहाव्या डावात तो ग्रुनफेल्डकडेच परतला, आतली वाट मात्र निराळी घेऊन, आणि डाव बरोबरीत सोडविला. बारावा डाव जिंकून त्याने विजेतेपद राखले. पहिल्या डावात दोष सुरुवातीचा नव्हता, हे त्याने नीट ओळखले होते. हरल्यावर ती सुरुवातच टाकून देणारे खेळाडू मी पुष्कळ पाहिले. मीही त्यांतलाच होऊ पाहत होतो. मी तर आप्पांचा सारा खेळच टाकून द्यावयास निघालो होतो.

पुस्तकातली ती खेळी सापडली त्या संध्याकाळी मी फळीवरचे फडके काढले. आप्पांसमोर पट मांडला, पाच खेळ्या दाखविल्या आणि विचारले, “इथे तुम्ही काय केले असते?”

बराच वेळ पाहून ते म्हणाले, “मीही प्यादेच मारले असते.”

मग त्यांनी मोहरे पुन्हा मूळ जागी लावले आणि आपले पहिले प्यादे एकच घर पुढे सरकविले.