ताडपत्रीवरची बुरशी: आधी ऊन, मग पाणी

हरिहरेश्वरजवळ बागमांडल्याच्या किनाऱ्यावर परवा एका होडीची कॅनव्हासची ताडपत्री निघाली. आतून सगळी काळ्या ठिपक्यांची, आणि कुबट वास. मालक ब्लीच ओतायच्या तयारीत होते. मी म्हटलं, काका, थांबा जरा!

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. तेवढे दिवस होड्या झाकलेल्या, हवेत ओल, आत वारा नाही. बुरशीला आणखी काय हवं?

सुती कॅनव्हास तर तिचं अन्नच. नायलॉन, पॉलिएस्टर ती खात नाही. पण त्यावरच्या मातीवर, माशांच्या तेलकटपणावर वाढते.

ब्लीचने डाग फिके होतात, पण सुती धागा आणि शिवण कमजोर होते.

आधी ताडपत्री कडक उन्हात वाळवा. नाकाला फडकं बांधून, वाऱ्याकडे पाठ करून कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झाडा. मग कोमट पाणी आणि सौम्य साबण. वास राहिला तर पांढरं व्हिनेगर, तेवढंच पाणी मिसळून.

व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो.

शेवटचं पाणी गोडंच हवं. खारं पाणी वापरलं तर मीठ कापडात राहतं आणि हवेतली ओल ओढत राहतं.

बुरशी मेली तरी काळे डाग उरतात. त्यासाठी कापड घासून झिजवू नका.

पुढच्या पावसाळ्यात मधोमध बांबू देऊन उतार ठेवा, दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी सोडा.

तुमची ताडपत्री कसली आहे? फोटो टाका, जमेल तसं सांगतो.