यदृच्छेंतील नियम

पुढील सूर्यग्रहण कोणत्या दिवशीं व किती वाजून किती मिनिटांनीं लागेल, हें पंचांगकर्ता आज बिनचूक सांगूं शकतो. परंतु क्रीडांगणावर दोन संघांचे नायक उभे राहून रुपया वर उडवितात, तेव्हां छापा पडेल कीं कांटा, हें मोठ्यांतला मोठा गणितीही सांगूं शकत नाहीं. कोट्यवधि मैल दूर असलेल्या गोलाची गति कळावी आणि हातांतल्या नाण्याची कळूं नये, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. यावरून पुष्कळांची अशी समजूत होते कीं, जेथें यदृच्छेचें राज्य सुरू झालें तेथें गणिताचें राज्य संपलें. ही समजूत बरोबर नाहीं. यदृच्छेलाही नियम आहेत; मात्र ते एकट्यादुकट्याला लागू न पडतां समुदायाला लागू पडतात. हे नियम कोणते, ते कोठें लावावे आणि कोठें लावूं नयेत, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

एखादी गोष्ट घडण्याचा संभव किती, हें अंकांनीं सांगणें म्हणजे तिची संभाव्यता सांगणें होय. जी गोष्ट घडणें अशक्य तिची संभाव्यता ०, जी निश्चित घडणार तिची १, आणि बाकी सर्वांची या दोहोंच्या दरम्यान. नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून छापा पडण्याची संभाव्यता १/२. सहा बाजूंच्या घनाकृति फांशावर चार ठिपके वर येण्याची १/६. परंतु ‘सर्व बाजू सारख्या’ ही अट विसरतां कामा नये. आपल्याकडे सारीपाट कवड्यांनींही खेळतात. कवडीलाही पाठ व पोट अशा दोनच बाजू. पण त्या सारख्या नाहींत. म्हणून कवडी उताणी पडण्याची संभाव्यता १/२ असें घरीं बसून ठरवितां येत नाहीं. ती शेंकडों वेळां टाकून, उताणी किती वेळां पडली हें मोजूनच ठरवावें लागतें.

दोन गोष्टी परस्परांपासून स्वतंत्र असतील, म्हणजे एक घडल्यानें दुसरीच्या संभवांत फरक पडत नसेल, तर त्या दोन्ही घडण्याची संभाव्यता ही त्यांच्या संभाव्यतांच्या गुणाकाराइतकी असते. लागोपाठ दोन वेळां छापा पडण्याची संभाव्यता १/२ × १/२ म्हणजे १/४, तीन वेळां पडण्याची १/८, आणि दहा वेळां पडण्याची १/१०२४. येथेंच एक सर्वसाधारण भ्रम उत्पन्न होतो. नऊ वेळां ओळीनें छापा पडला कीं, “आतां कांटा पडलाच पाहिजे,” असें लोक म्हणूं लागतात. पण नाण्याला स्मरणशक्ति नाहीं. झालेले नऊ छापे होऊन गेले. दहाव्या वेळीं संभाव्यता पुन्हां १/२ च. जुगारांत संसाराची धूळधाण करून घेणारे कित्येक जण याच भ्रमाला बळी पडलेले असतात.

मग नाण्याला मागचें आठवत नाहीं तर नियम राहतो कोठें? याचें उत्तर एका प्रत्यक्ष प्रयोगांत पाहूं. जॉन केरिच हे दक्षिण आफ्रिकेंतील गणिताचे अध्यापक. १९४० सालीं जर्मन सैन्यानें डेन्मार्क देश व्यापला त्या वेळीं ते तेथें होते, आणि त्यांना स्थानबद्ध करण्यांत आलें. छावणींतील सक्तीच्या रिकामपणांत त्यांनीं एक नाणें १०,००० वेळां उडवून प्रत्येक वेळचा निकाल टिपला, व १९४६ सालीं हा प्रयोग पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. पहिल्या १० फेंकींत त्यांना ४ छापे मिळाले, १०० फेंकींत ४४, १,००० फेंकींत ५०२ आणि १०,००० फेंकींत ५,०६७. म्हणजे छाप्यांचें शेंकडा प्रमाण अनुक्रमें ४०, ४४, ५०.२ व ५०.६७ असें झालें. आरंभीं तें निम्म्यापासून पुष्कळ दूर होतें. पुढें पुढें तें निम्म्याच्या जवळपास घोटाळूं लागलें. पण यांतील एक खुबी लक्षांत ठेवण्यासारखी आहे. निम्म्यापासूनचें प्रत्यक्ष अंतर प्रथम १ होतें, शेवटीं तें ६७ झालें. याचा अर्थ, नाण्यानें जुनी तूट किंवा वाढ भरून काढली नाहीं. फेंकींच्या वाढत्या संख्येच्या मानानें ती क्षुल्लक ठरली, इतकेंच.

आतां दहा नाणीं एकदम उडवूं. त्यांच्या पडण्याचे एकंदर १,०२४ प्रकार संभवतात. एकही छापा नसण्याचा प्रकार १; एक छापा असण्याचे १०; दोन असण्याचे ४५; तीन असण्याचे १२०; चार असण्याचे २१०; पांच असण्याचे २५२; आणि तेथून पुढें त्याच पायऱ्यांनीं पुन्हां खालीं १ पर्यंत उतार. छाप्यांची संख्या ४, ५ किंवा ६ असण्याचे प्रकार मिळून ६७२ होतात. म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश. निसर्गाला मध्याची आवड आहे म्हणून हें होत नाहीं, तर मध्याकडे जाणाऱ्या वाटा अधिक आहेत म्हणून होतें. चौकटींच्या कागदावर हे आंकडे उभ्या पट्ट्यांनीं मांडले, तर मधोमध उंच, दोन्ही अंगांस सारखी उतरत गेलेली आणि कडेला जमिनीस टेंकूं पाहणारी अशी आकृति मिळते. दहाऐवजीं शंभर नाणीं घेतलीं, तर पायऱ्या बारीक होत जाऊन तिची कड गुळगुळीत दिसूं लागते, व शाळेच्या किंवा देवालयाच्या घंटेच्या आकाराची आठवण होते.

या वक्राचें गणित प्रथम १७३३ सालीं अब्राहम द म्वाव्र यांनीं मांडलें. फ्रान्समधील प्रॉटेस्टंट लोकांचें धर्मस्वातंत्र्य १६८५ सालीं हिरावून घेतलें गेल्यानंतर देशत्याग करून लंडनला आलेले व शिकवण्यांवर उपजीविका करणारे हे विद्वान् होते. पुढें १८०९ सालीं जर्मन गणिती गाउस यांनीं ग्रहांच्या वेधांतील चुकांना हाच वक्र लावला; आणि फ्रेंच पंडित लाप्लास यांनीं त्याचें मूळ कारण उघड केलें. जेथें पुष्कळ लहानलहान व परस्परस्वतंत्र कारणांची बेरीज होते, आणि इतरांना झांकून टाकील इतकें प्रबळ असें त्यांत एकही कारण नसतें, तेथें हा आकार प्रकट होतो. अशा मांडणीस प्रसामान्य वितरण असें म्हणतात.

या वक्राचें पूर्ण वर्णन करण्यास दोन संख्या पुरतात. पहिली सरासरी, ती सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरी प्रमाण विचलन. म्हणजे सरासरीभोंवतीं पसारा किती, याचें माप. एका तुकडींतील पांच मुलांना ४४, ४८, ५०, ५२ व ५६ गुण मिळाले, आणि दुसरींतील पांच जणांना २०, ४०, ५०, ६० व ८० मिळाले. दोहोंची सरासरी ५० च आहे. पण दोन्ही तुकड्या सारख्या आहेत असें कोणता शिक्षक म्हणेल? आतां प्रत्येकाचें सरासरीपासूनचें अंतर काढा, त्याचा वर्ग करा, वर्गांची सरासरी घ्या व तिचें वर्गमूळ काढा. पहिल्या तुकडींत वर्गांची बेरीज ८०, त्यांची सरासरी १६ व वर्गमूळ ४. दुसरींत बेरीज २,०००, सरासरी ४०० व वर्गमूळ २०. हेंच त्या तुकड्यांचें प्रमाण विचलन. नुसत्या सरासरीनें जें लपविलें होतें, तें या दुसऱ्या संख्येनें उघड केलें.

प्रसामान्य वितरणांत सरासरीच्या दोन्ही बाजूंस एका प्रमाण विचलनाच्या आंत शेंकडा सुमारें ६८ जण येतात, दोहोंच्या आंत सुमारें ९५, आणि तिहींच्या आंत बहुतेक सर्व, म्हणजे शेंकडा ९९.७. नाणें १०,००० वेळां उडविलें असतां छाप्यांची सरासरी ५,००० व प्रमाण विचलन ५० येतें. म्हणून शंभरांपैकीं सुमारें ९५ वेळां छाप्यांची संख्या ४,९०० ते ५,१०० च्या दरम्यान पडावयास पाहिजे. केरिच यांचे ५,०६७ छापे या मर्यादेंत बसतात. तेव्हां त्यांच्या नाण्यावर संशय घेण्यास जागा नाहीं.

बेल्जममधील संख्याशास्त्रज्ञ केतले यांनीं हाच वक्र मनुष्यमात्राला लावला. १८४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यांनीं ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या घेराचीं मापें तपासलीं. त्यांची सरासरी सुमारें ४० इंच व प्रमाण विचलन सुमारें २ इंच होतें, आणि मापांची मांडणी वक्राशीं पुष्कळच जुळली. हा शोध मोठा खरा. पण केतले यांनीं सरासरी मनुष्य हाच निसर्गाचा आदर्श मानला, व इतर माणसें त्या आदर्शापासून झालेल्या चुकांसारखीं लेखलीं. येथें त्यांचें पाऊल घसरलें. ग्रहाच्या वेधांत खरें स्थान एकच असतें व बाकीच्या चुका असतात. पण ३८ इंच छातीचा सैनिक ही कांहीं ४० इंच छातीच्या सैनिकाची चूक नव्हे.

या सूक्ष्म भेदावर केवढी मोठी गोष्ट अवलंबून असते, हें आपल्या महाराष्ट्रांतच झालेल्या एका वादावरून दिसून येईल. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे थोर संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत दीर्घकाळ अधिकारावर होते, व निवृत्तीनंतर पुण्यास काम करीत. देशांत अर्धपोटीं किती लोक राहतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९७१ सालीं प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीलकंठ रथ यांनीं भारतांतील दारिद्र्याविषयींच्या आपल्या ग्रंथांत दररोज दरमाणशीं २,२५० उष्मांकांचें मान धरलें होतें. यावर सुखात्मे यांचा आक्षेप असा कीं, असें मान ही सरासरी गरज आहे, आणि गरज माणसागणिक निराळी असते. एकाच माणसाचीही ती नेहमीं सारखी नसते. सरासरी हीच रेषा मानली, तर प्रत्येक जण पोटभर जेवणाऱ्या गांवांतही निम्मे लोक रेषेखालीं दिसतील व भुकेले म्हणून मोजले जातील. म्हणून रेषा सरासरीच्या खालीं दोन प्रमाण विचलनांवर ओढावी.

हें म्हणणें वक्राच्या दृष्टीनें बिनतोड वाटतें. पण दांडेकर प्रभृति टीकाकारांचें उत्तरही तितकेंच विचारणीय होतें. त्यांचा आशय असा कीं, गरीब मनुष्य कमी खातो तो त्याची गरज कमी असते म्हणून नव्हे, तर विकत घेण्यास त्याच्यापाशीं पैसा नसतो म्हणून. केवळ उदाहरणादाखल, सरासरी गरज २,४०० उष्मांक व प्रमाण विचलन ३०० आहे असें समजूं. मग सुखात्मे यांची रेषा १,८०० वर येते. आतां एका माणसाला रोज २,००० उष्मांक मिळतात. त्याची गरज १,९०० असेल तर तो तृप्त आहे. पण तो उन्हांत खडी फोडणारा मजूर असून त्याची गरज २,७०० असेल तर तो उपाशी आहे. २,४०० ची रेषा पहिल्याला विनाकारण भुकेला ठरविते. १,८०० ची रेषा दुसऱ्याची भूक हिशेबांतूनच वगळते. रेषा कोठेंही ओढली तरी यांपैकीं कोणती तरी एक चूक पदरीं येते; एक कमी केली कीं दुसरी वाढते. यांतील कोणती चूक पत्करावयाची, हें गणित सांगत नाहीं. तें माणसाच्या न्यायबुद्धीनें ठरवावें लागतें. आणि समोरचा मनुष्य भुकेला आहे कीं नाहीं, हें जाणण्यास वक्राकडे न पाहतां त्याच्याकडेच पाहिलें पाहिजे.

शिवाय हा वक्र सर्वत्र लागू पडतो असेंही नाहीं. ९९ घरांचें वार्षिक उत्पन्न १०,००० रुपये आणि एका सावकाराचें १०,१०,००० रुपये अशा गांवाची कल्पना करा. गांवाचें सरासरी उत्पन्न २०,००० रुपये येईल. पण शंभरांतील नव्याण्णव घरांना त्याच्या निम्मेंच मिळतें. येथें एकच कारण इतर सर्वांना झांकून टाकतें, म्हणून लाप्लास यांची अट मोडते व घंटेचा आकार उरत नाहीं.

पालकांनीं या सर्वांतून एक गोष्ट अवश्य घ्यावी. परीक्षा हेंही एक मापच आहे. प्रश्न कोणते आले, आदल्या रात्रीं झोंप लागली कीं नाहीं, तपासणाराचा हात सैल होता कीं आंखडता, अशा अनेक लहान कारणांची भर त्यांत पडते. तेव्हां मागील सत्रापेक्षां दोनचार गुण कमी पडले म्हणून मुलगा बिघडला असें मानूं नये, आणि दोनचार अधिक मिळाले म्हणून पेढेही वांटूं नयेत. तसेंच, वक्राच्या खालच्या टोकाशीं कोणी तरी असणारच, म्हणून आपलेंच मूल तेथें कायमचें राहील असें वक्र मुळींच सांगत नाहीं. तो वर्गाविषयीं बोलतो, मुलाविषयीं नव्हे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीं हें केवळ वाचून सोडूं नका. सुटींत दहा नाणीं घेऊन तीं शंभर वेळां उडवा, छापे मोजा व आकृति काढा. किंवा एकाच टेबलाची लांबी वर्गांतील प्रत्येकानें निरनिराळी मोजून आंकडे एकत्र करा. घंटेचा आकार हळूहळू कागदावर उतरत असलेला पाहण्यांत मोठा आनंद आहे. मात्र वहींत सरासरी लिहाल, तेव्हां तिच्या शेजारीं प्रमाण विचलनही लिहीत चला.