चाळिशीचे पाहुणे

इंडियन सुपर लीगचे सुरुवातीचे हंगाम आठवायला बसलं की आधी वयं आठवतात. १२ ऑक्टोबर २०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा एफसी गोवाचा रॉबेर पिरेस एक्केचाळिशीला टेकला होता, दिल्लीचा देल पिएरो चाळिशीला, आणि पुण्याच्या त्रेझेगेचा सदतिसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. मुंबईने आणलेला ल्युंगबर्ग तर २०१२ मध्येच निवृत्त झालेला. प्रत्येक संघाने एक तरी ‘मार्की’, म्हणजे बड्या नावाचा, खेळाडू घ्यायचा असा दंडकच होता, आणि त्यासाठी थैल्या मोकळ्या सुटल्या.

गोलांच्या हिशेबात हा सौदा आतबट्ट्याचाच. देल पिएरोने दहा सामन्यांत एक गोल केला, त्रेझेगेने सगळ्या हंगामात दोन. चेन्नईच्या एलानोने आठ गोल करून लाज राखली. पण पहिल्या वर्षी सामन्याला सरासरी चोवीस हजारांवर प्रेक्षक आले. फुटबॉल फक्त टीव्हीवर, तोही युरोपातला, बघणारी पोरं नेरूळला आणि बालेवाडीला तिकीट काढून गेली. हे श्रेय त्या नावांना द्यायलाच हवं.

२०१७ मध्ये मार्कीची सक्ती उठली. त्याच मोसमात गोव्यात कोरो आला. स्पेनबाहेर या कोरोमिनासला कोण ओळखत होतं? तीन मोसमांत त्याने अठ्ठेचाळीस गोल ठोकले.

मला मात्र एफसी गोवाच्या फातोर्डा मैदानावरची गर्दी आठवली की दुसरंच काही खुपतं. आधीची अव्वल लीग असलेल्या आय-लीगची पहिली सहा विजेतेपदं, २००७-०८ ते २०१२-१३, सगळीच्या सगळी गोव्यात आली: डेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. नव्या लीगमध्ये या क्लबांना जागा नव्हती. मौज अशी की एफसी गोवाच्या पहिल्या मालकांत श्रीनिवास डेंपो आणि दत्तराज साळगावकर होतेच, जोडीला व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत. घराणी आत, क्लब बाहेर! आय-लीग दुय्यम ठरणार हे दिसू लागल्यावर २०१६ मध्ये साळगावकर आणि गोव्याच्याच स्पोर्टिंग क्लब यांनी त्या स्पर्धेतून अंग काढून घेतलं, मागोमाग डेंपोनेही.

पैसे टाकणारेही सगळे टिकले नाहीत. पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. मुंबईला त्याच वर्षी मँचेस्टरवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपचा हात मिळाला, २०२०-२१ मध्ये तिने साखळी फेरीची शील्ड आणि चषक दोन्ही नेले. त्या संघात चाळिशीचं कुणी नव्हतं. जुलै २०२५ मध्ये फुटबॉल महासंघाबरोबरचा करार संपत आल्याचं सांगून आयोजकांनी लीगचा पुढचा हंगामच स्थगित केला, आणि खेळाडूंना सराव कशासाठी करायचा हेही कळेना.

डेंपो त्याआधीच, २०२४-२५ मध्ये, आय-लीगमध्ये परतला होता. आता ती दुसऱ्या पायरीची स्पर्धा आहे.