भेट थांबली तरी बोलणे राहावे

आई नेरुळला, वडील दादरला. मूल आईजवळ आणि ठरलेल्या रविवारी बाबांची भेट. विभक्त झालेल्या आईवडिलांची अशी व्यवस्था आता आपल्याला अपरिचित नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे लोकल बंद झाली आणि अशा अनेक भेटीही बंद पडल्या. २१ ऑक्टोबर २०२० पासून महिलांना ठरावीक वेळांत लोकलने जाता येऊ लागले. अत्यावश्यक सेवेत नसलेल्या सर्वसामान्य पुरुषांना मात्र १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावे लागले. म्हणजे खाडीपलीकडच्या वडिलांसाठी लोकलची वाट दहा महिने बंद होती.

मोठ्यांना हे कारण समजते. चार वर्षांच्या मुलाला ‘येऊ शकत नाहीत’ आणि ‘येत नाहीत’ यांतला फरक कळत नाही. बाबा आपल्यावर रागावले, असे ते मनाशी धरून बसते.

साथ पसरण्याच्या तोंडावर, जानेवारी २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू प्रकरणात सांगितले होते की, भेटीप्रमाणे संपर्कही महत्त्वाचा. दूर राहणाऱ्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता यावे. टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, याच न्यायालयाने प्रत्यक्ष भेटीऐवजी परस्परसंमतीने फोन, व्हिडिओ कॉल यांसारख्या साधनांचा मार्ग सुचवला.

पण फोन लावून देणे वेगळे आणि मुलाला मोकळे बोलू देणे वेगळे. आई शेजारी बसली असेल, तर मूल तिच्या चेहऱ्याकडे पाहत बोलते. म्हणून वेळ ठरलेली असावी आणि त्या वेळी मुलाला एकटे सोडावे. पलीकडच्या पालकानेही ‘आई काय म्हणते?’ अशी उलटतपासणी करू नये. लहान मुलाला नुसत्या गप्पा जमत नाहीत. त्याला गोष्ट वाचून दाखवावी, सोबत चित्र काढावे.

संसर्गाची भीती खरी असते, तशी ती सबबही होऊ शकते. भीती खरी असेल, तर माणूस भेट टाळतो पण फोन वाढवतो. सबब असेल, तर फोनही लागत नाही.

बंदी उठल्यावर पहिल्या भेटीत मूल बुजते. त्याला कोणी शिकवून ठेवले आहे, असा अर्थ लगेच काढू नये. ओळख पुन्हा जुळायला दोन-चार भेटी लागतात. ताब्याचा करार करतानाच, भेट अशक्य झाली तर फोन केव्हा आणि बुडालेले दिवस कोणत्या सुट्टीत, हे लिहून ठेवावे. पुढच्या संकटात मुलाला वाट पाहत बसावे लागणार नाही.